दहा नंबरला मुदतवाढ

आमचा संगणक दहावर होता आणि दहावर सुखी होता. दहा म्हणजे विंडोजचं दहा. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मलाही भाद्रपदापर्यंत माहीत नव्हतं. संगणकाच्या पोटात एक नंबर असतो आणि तो नंबर कालांतरानं जुना होतो, हे मला एका निळ्या पाटीनं सांगितलं. रोज सकाळी मशीन चालू केलं की ती पाटी यायची: दहाची सेवा ऑक्टोबरात बंद होणार, अकरावर चला. खाली दोन बटणं. एक ‘आत्ता’, एक ‘नंतर’. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. मी कोणतं बटण दाबत होतो हे सांगायला नको.

पण एका सकाळी ती पाटी रामप्रसादांनी पाहिली आणि प्रकरण माझ्या हातातून गेलं. रामप्रसाद आमचे शेजारी. वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. तिथं ते नेमकं काय करायचे एवढा एक विषय सोडला तर बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात. आमचा पेपर वाचून परत द्यायला आले होते.

“देवकते साहेब, हे तुम्ही अजून केलं नाय? अहो, सेवा बंद म्हणजे घराला कडीच नाय असं समजा. चोर सरळ आत! पगार इकडून जमा, तिकडून गायब. माझ्या साडूच्या व्याह्याचं असंच झालं.”

“त्यांचाही दहाच नंबर होता?”

“त्यांच्याकडं कॉम्प्युटरच नव्हता. मोबाईलवर झालं. पण तत्त्व तेच.”

समोरचा माणूस तत्त्वावर आला की मला घाम फुटतो. मी त्याच क्षणी ठरवलं, अकरावर जायचं. आणि ठरवलेली गोष्ट बायकोला सांगण्याची चूक केली.

“पितृपंधरवडा चालू आहे,” शीला म्हणाली. “या दिवसांत नवं काही करायचं नसतं.”

“नवं कुठं घेतोय? आहे तेच वर चढवतोय.”

“वरचा मजला चढवायलासुद्धा मुहूर्त बघतात. दसऱ्याला करा. साडेतीन मुहूर्तांतला आहे, कुणाला विचारायला नको.”

आता, संगणक बनवणाऱ्या कंपनीनं ही शेवटची तारीख ठरवताना पितृपक्ष आणि दसरा यांचा काहीच विचार केला नसणार, हे उघड आहे. पण योगायोगानं दसरा त्या तारखेच्या आधीच येत होता. शीलाला त्यात देवाचा हात दिसला. मला आणखी थोडे दिवस ‘नंतर’चं बटण दाबायला मिळालं. एकूण घरात शांतता होती.

एकच माणूस शांत नव्हता. आबा. आबा म्हणजे माझे वडील, मुंजाबा देवकते. वेरूळच्या पलीकडं डोंगराला लागून आमचं गाव. आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघ्यांनी संप केला, मेंढरं भावकीत वाटून टाकली आणि आम्ही त्यांना शहरात, गारखेड्यात आमच्या घरी घेऊन आलो. आले खरे, पण त्यांची कापडी पिशवी दाराशेजारच्या खिळ्याला भरलेलीच लटकलेली असायची. आत दोन धोतरं, एक बंडी, तंबाखूची डबी आणि भंडाऱ्याची पुडी. शीला ती उतरवून कपाटात ठेवायची, सकाळी ती पुन्हा खिळ्यावर हजर. आणि रोज एकच चौकशी: “वेरूळची गाडी किती वाजता हाय?”

ती पिशवी कपाटात गेली ती पत्त्यांमुळं. माझी मुलगी विशाखा, पुण्याला नोकरीवर जाण्यापूर्वी, आजोबांना संगणकावरचा एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव शिकवून गेली. खेळ कंपनीचा, पण आबांनी त्याला कायदा स्वतःचा लावला. वरची चार घरं म्हणजे चार वाडगी, रात्री मेंढरं कोंडायची. एक्का म्हणजे म्होरकं; ते आत शिरलं की मागून दुर्री, तिर्री ओळीनं जाणार. राजा सगळ्यांत शेवटी, कारण धनगर मागं राहून हाकतो. डाव सुटला की आबा मोठ्यानं म्हणत, “आली बया समदी घरला!” आणि मगच चहा मागत. मेंढरू बाहेर असताना चहा घ्यायचा नाही असा नियम. कधीकधी त्यात दुपार व्हायची. पण पिशवी कपाटात होती, त्यामुळं शीला एकच चहा कितीही वेळा गरम करायला तयार होती.

“ह्याला बदलल्यावर माझी मेंढरं राहतेत का?” आबांनी विचारलं.

“राहतील की,” मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं. पण कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर, माहीत नसतं तेव्हाच आवाज जास्त ठाम निघतो.

खंडेनवमीला शीलानं घरातल्या यंत्रांची पूजा मांडली. मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन आणि संगणक. ऐन प्रसंग जवळ आलेला म्हणून संगणकाला विशेष मान. पडद्याच्या मधोमध कुंकवाचं बोट लागलं, त्यामुळं पुढं बरेच दिवस माझं प्रत्येक ईमेल कपाळाला टिळा लावून येत होतं. वर झेंडूचा हार. आणि अक्षता. अक्षता टाकताना शीलाचा हात फार सढळ आहे. त्यांतला एक दाणा घरंगळत कळफलकात गेला आणि एंटरच्या कळीखाली जाऊन बसला. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येतात, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी जरा जास्तच आली. देवकते साहेब आज अकरावर जाणार, अशी दवंडी रामप्रसादांनी कॉलनीभर पिटली होती. कॉलनीचे अध्यक्ष काकासाहेबही आले. त्यांनी आजवर एक बोअरवेल आणि दोन गतिरोधक यांची उद्घाटनं केलेली आहेत. ते नारळ घेऊनच आले आणि फोडायला जागा शोधत संगणकाच्या डब्याकडं निघाले. शीलानं त्यांना मध्येच गाठून उंबऱ्याकडं वळवलं, म्हणून पुढची गोष्ट घडू शकली.

मी खुर्चीत बसलो. मागं हातात आपट्याची पानं घेतलेली माणसं. अकरासाठी आधी पात्रता तपासावी लागते, असं पाटी म्हणत होती. मी एंटर दाबलं. एक गोल फिरू लागला. मग उत्तर आलं. त्याचा सरळ मराठीत अर्थ असा होता: हा संगणक अकरासाठी पात्र नाही.

कुणी काही बोलायच्या आत गोल पुन्हा फिरला आणि पुन्हा तेच. पात्र नाही. मग पुन्हा. एंटर खाली अडकलं होतं आणि मशीन स्वतःच स्वतःची पात्रता परत परत तपासून परत परत नापास होत होतं, तेही भरल्या घरात, सणाच्या दिवशी.

मी दुखावलो गेलो, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘अपात्र’ हा शब्द मी कचेरीत रोज लिहितो. पण मी कारण लिहितो. खाली सही करतो. अपील कुणाकडं करायचं तेही तोंडी सांगतो. इथं काय? कुठली तरी चिप नाही म्हणे. ती कुठं मिळते, किती प्रतींत जोडायची, साक्षांकित करायची का, काही नाही.

“उत्पन्नाचा दाखला जोडून बघा एकदा,” काकासाहेब गंभीरपणे म्हणाले. त्यांनी हयातीत कुठलाही कागद त्याशिवाय पुढं सरकताना पाहिला नव्हता.

“सोपं हाय,” रामप्रसाद म्हणाले. “हे भंगारात द्या, नवं घ्या. अपात्र वस्तूचा लोभ धरू नये.”

आबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारलं, “चालतंय नव्हं ते?”

“चालतंय हो आबा,” रामप्रसाद म्हणाले, “पण जुनं झालं.”

“चालतंय, ऐकतंय, सांगितलं ते करतंय. मग काढायचं कामून?”

आबांनी हातातली आपट्याची पानं संगणकाच्या डोक्यावर ठेवली आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खिळ्यावर होती. भरलेली.

“ते पत्त्यांसाठी चिडले नाहीत. कळतंय ना तुम्हाला?” शीला हळूच म्हणाली.

कळत होतं. गावात आबांना बघायला कुणी नाही, आणि डॉक्टरांनी एकट्यानं राहू देऊ नका असं बजावलेलं. पण ज्या घरात चालतं मशीन भंगारात काढायच्या गोष्टी होतात, तिथं थांबा कुठल्या तोंडानं म्हणायचं?

म्हणजे पेच असा पडला. नवं मशीन आणावं तर आबा जाणार. जुनं तसंच ठेवावं तर, रामप्रसादांच्या म्हणण्याप्रमाणं, चोर येणार. काकासाहेबांनी तिसरा मार्ग सुचवला. “संगणकाची तारीखच मागं करून ठेवा. त्याच्या दृष्टीनं ऑक्टोबर येणारच नाय.” सूचना मला मनापासून आवडली, कारण ती अगदी आमच्या कचेरीत शोभण्यासारखी होती. मी मशीनला मागच्या चैत्रात नेऊन ठेवलं. तर बँकेचं पान उघडेना, विजेच्या बिलाचं उघडेना. जो तो म्हणे, तुमचं घड्याळ चुकलंय. अशा कामात माणसाला साथीदार लागतो आणि बाकी सारं जग चालू तारखेत होतं. मी मुकाट्यानं आश्विनात परत आलो.

कोजागरी झाली आणि एका सकाळी आबांनी जाहीर केलं, “मी कौल लावतो.”

माझ्या लहानपणी मेंढरांचा तळ हलवायचा का नाही, हे आबा बिरोबाला कौल लावून ठरवायचे. देव म्हणेल ते. आता देव गावी आणि आबा गारखेड्यात, म्हणून त्यांनी कौल संगणकाला लावला. पडद्याला चिमूटभर भंडारा वाहिला. “डाव सुटला तर गावाला. नाय सुटला तर हितंच.”

आम्ही दोघं मागं उभे राहिलो. घरात आजवर आबांचा डाव सुटावा म्हणून प्रार्थना झालेल्या. अडावा म्हणून ही पहिलीच. आणि त्या दिवशी पत्ते असे पडले की काय सांगू. एक्के पटापट वर आले. दुर्र्या, तिर्र्या धावत वाडग्यात शिरल्या. मी मनातल्या मनात एका काळ्या सत्तीला हात जोडत होतो की बाई, तू तरी खाली दडून बस. तीही निघाली. शीला कधी मागून निघून गेली ते मला कळलं नाही. शेवटी राजे तेवढे राहिले, आबांनी माउसवर बोट ठेवलं, आणि पडदा काळा झाला. पंखाही थांबला.

“लाईट गेली,” मी म्हणालो. लाईट गेल्याचा मला एवढा आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. “आबा, देवानं निकाल राखून ठेवला.”

“तुझ्या कचेरीत असंच असतंय व्हय?”

“नेहमी.”

आबा काळ्या पडद्याकडं बघत राहिले. “एका गोष्टीचा कौल लगीच दुसऱ्यांदा लावत नसतेत,” ते म्हणाले. “बगू.”

खिडकीतून रामप्रसादांच्या घरातला पंखा गरगर फिरताना दिसत होता. आमच्या जिन्याखाली मीटरची पेटी आहे, त्या बाजूनं शीला पदराला हात पुसत आली. मी तिला काही विचारलं नाही. संसारात काही प्रश्न दप्तरी दाखल करायचे असतात.

पण असं लांबणीवर किती दिवस टाकणार? शेवटी मी विशाखाला फोन करून सगळं सांगितलं.

“पप्पा, एवढं काय त्यात?” ती म्हणाली. “दहालाच अजून एक वर्ष सुरक्षा मिळते. तशी सोय ठेवलीये. फक्त खात्यात साइन इन करून नोंदणी करायची.”

“एक वर्ष मिळते म्हणजे?”

“म्हणजे मुदतवाढ.”

मुदतवाढ! ज्या शब्दावर माझी सारी नोकरी उभी आहे, तो मला सुचू नये? आमच्याकडं कंत्राटी माणसं मुदतवाढीवर पोरांची लग्नं करतात. समित्या मुदतवाढीवर अहवाल न देता विसर्जित होतात. ज्याला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणवत नाही, त्याच्यासाठीच हा शब्द आहे. या परदेशी कंपनीत कुणीतरी आपलं माणूस बसलेलं असणार अशी माझी खात्री पटली.

मी साइन इन करायला गेलो. मशीन म्हणालं, तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. आला नाही. कारण खातं उघडताना दिलेला नंबर मी मागंच सोडून दिला होता. आता त्या नंबरवर दुसरंच कुणी नांदत होतं. मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला. एका बाईंनी उचलला.

“नमस्कार, मी अजिनाथ देवकते. तुमच्या फोनवर एक ओटीपी आला असेल, तो जरा...”

“ठिव फोन!”

मी पुन्हा लावला.

“मला येडी समजलास व्हय रे? ओटीपी कुणाला द्यायचा नाय, बँकेतल्या म्याडमनं समद्या बायांना बसवून सांगितलंय. पुन्हा फोन करशील तर पोलिसात दीन!”

तिसऱ्यांदा शीलानं लावला आणि रडवेल्या आवाजात आबा, पिशवी, मेंढरं सगळं सांगितलं. बाई जरा नरमल्या. नाव लीलाबाई. वाळूजला त्यांची खानावळ. “असं फोनवर नाय. समोर या,” त्या म्हणाल्या. “येताना आधार कार्ड आणा. आन् हा नंबर तुमचा व्हता याचा पुरावा आणा.”

पुरावा! तोही माझ्याकडं मागितला! मी अर्धा दिवस माळा उपसला आणि आमच्या वास्तुशांतीची पत्रिका शोधून काढली. तिच्या तळाशी माझा जुना नंबर छापलेला होता. रजा टाकून मी स्कूटर काढली, तर आबा मागच्या सीटवर बसायला तयार. खांद्याला पिशवी.

“मीबी येतो,” ते म्हणाले. “तुझं काम झालं की मला येताना स्टँडवर सोड.”

वाळूजपर्यंत मी स्कूटर मुद्दाम हळू चालवली.

खानावळीत कारखान्यातली पाळी संपवून आलेली पोरं जेवत होती. लीलाबाई चुलीशी भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाच्या हातानं माझं आधार कार्ड घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. वास्तुशांतीची पत्रिका गणपतीपासून ‘आपले नम्र’पर्यंत वाचली. मग आबांकडं वळल्या.

“बाबा, हे तुमचं लेकरू का? खरं सांगा.”

आबांनी थोडा विचार केला. मला तो विचार आवडला नाही. “हाय,” ते म्हणाले. “सरकारीत लागल्यापासून असं झालंय.”

एवढ्यावर आमचा अर्ज मंजूर झाला. आबांपुढं भाकरी आणि पिठलं आलं. घरी संगणकासमोर शीला, माझा फोन तिच्याशी जोडलेला. तिनं बटण दाबलं, इकडं लीलाबाईंचा फोन वाजला. पण त्यांचे हात पिठात. हात धुऊन, चष्मा लावून त्यांनी आकडे वाचले तोवर त्या ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. लीलाबाई एकेक आकडा सावकाश म्हणायच्या, मी तो ओरडून शीलाला सांगायचो, जेवणारी पोरं माझ्यामागून कोरसमध्ये म्हणायची.

“टाकला,” शीला म्हणाली.

“एंटर दाब!”

“अडकलंय!”

“जोरात दाब!”

“अहो, खाली काहीतरी आहे. थांबा, केसातला आकडा काढते.” मग फोनमधून खरखर ऐकू आली. सगळी खानावळ घास हातात धरून थांबली होती. “निघाला! अक्षतेचा दाणा आहे हो!”

“दाणा राहू दे, एंटर!”

आणि मग बराच वेळ काही नाही.

“झालं,” शीला म्हणाली. “नोंद झाली असं लिहिलंय. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.” आणि फोनवरच तिला रडू आलं.

मी तिथल्या बाकावर मटकन बसलो. दसऱ्यापासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं.

“काय झालं एवढं?” लीलाबाईंनी विचारलं.

“आमच्या जुन्या मशीनला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली.”

आबांचा हात ताटात थांबला. “तेच मशीन? नवं नाय?”

“तेच.”

“आन् अपात्र म्हणले व्हते ते?”

“अपात्रच आहे आबा. पण चालतंय ना. मग आपलंच आहे ते, ठेवायचं.”

आबांनी उरलेली भाकरी सावकाश संपवली, पाणी प्यायले. मग पिशवी मांडीवर घेऊन गाठ सोडली. धोतरं आणि बंडी काढून माझ्या हातात दिली, “हे डिक्कीत टाक.” तंबाखूची डबी आणि भंडाऱ्याची पुडी खिशात घातली. रिकामी पिशवी त्यांनी लीलाबाईंपुढं धरली.

“बाई, दोन-चार भाकरी आन् ठेचा बांधा ह्यात. सून सकाळपासून त्या मशीनम्होरं बसलीय. जेवली नसंल.”

मी धोतरांच्या घड्या छातीशी धरून नुसता उभा राहिलो.

“असा काय बगतूस?” आबा म्हणाले. “त्या मशीनबरूबर मलाबी एक वरीस वाढवून घे.”

“आबा, त्याला अर्ज करावा लागतो,” मी कसंबसं म्हणालो.

“मग कर की. पुढल्या वर्सी पुन्हा कर.” ते स्कूटरवर माझ्यामागं बसले, भाकरीची गरम पिशवी त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि माझ्या खांद्याला धरलं. “आन् पुन्हा कौल लावीन तवा सूनबाईला त्या मीटरच्या पेटीपासून लांब बसव.”

मी मान डोलावली आणि स्कूटर घराकडं वळवली.